पादुकांवरची शपथ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांत पतंग आहे, मासाही आहे. पतंग दिव्याला भुलून जळतो, मासा जिभेपायी गळाला लागतो. लहानपणी पेणला कीर्तनात हे ऐकताना वाटायचं, काय मूर्ख जीव! खरा अर्थ कळायला साठी उलटावी लागली.

माझा एक मावसभाऊ रोह्याला असतो. कष्टाळू माणूस, पण दारूपायी संसार मोडायला आला. मी बँकेतला, हिशोबी. दोनदा त्याची उधारी फेडली. ते पैसेही बाटलीतच गेले. शेवटी एका दत्तजयंतीला त्याला पादुकांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्याने रडत, अगदी मनापासून घेतली.

तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, घाम सुटला, झोप उडाली, नसलेली माणसं दिसू लागली. घरचे म्हणाले, बाधा झाली. मी म्हणालो, शपथ मोडायची नाटकं. दोघंही चुकलो. वेळेवर दवाखान्यात नेला म्हणून वाचला.

डॉक्टरांनी समजावलं, "रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि जेवणात चोरून गोळ्या मिसळू नका. वर तो प्यायला तर जिवावर बेतेल."

व्यसन हा आजार आहे. कोणाला तो घराण्यातून येतो, कोणाला दुःखातून, कोणाला संगतीतून. पहिला पेला मर्जीने घेतला जातो, पुढे मर्जी उरत नाही. पतंगाचं तेच होतं, नाही का?

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने 'मुक्तांगण' सुरू केले. अशा केंद्रात आधी शरीर सावरतात, मग समुपदेशन होतं, घरच्यांनाही समजावतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या सभा आपल्याकडेही भरतात. तिथे फी नाही. जन्मभराची शपथ नाही, फक्त आजचा दिवस प्यायचं नाही.

भाऊ उपचार घेऊन आला, सहा महिन्यांनी घसरला. तेव्हा मी अबोला धरला नाही. साखर वाढली म्हणून कोणी भावाला टाकतं का? पुन्हा नेला. आज तिसरं वर्ष चालू आहे.

मग शपथ वाया गेली? नाही. त्याची इच्छा खरी होती, तिला औषधाची जोड द्यायला आम्ही विसरलो होतो. औषध घेणं म्हणजे महाराजांवर अविश्वास नव्हे. वैद्याच्या हातातही तेच आहेत.

आपल्यापैकी कोणाच्या घरी हे दुःख असेल तर लपवू नका. १४४४६ हा सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे. जयंतीला पाळणा हलवाल तेव्हा घरातल्या त्या माणसालाही जवळ बसवा.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥