रमणीय कोणाला?

अहवाल वाचला. ‘पाणी नितळ, परिसर रमणीय, अधिवास उत्तम.’ ओरेगनमधल्या त्या ओढ्यावर तुला सॅमन आणि ट्राउटसाठी तपासणी करायला पाठवलं होतं, सहलीची जागा हेरायला नव्हे. रमणीय कोणाला? मादी शेपटीनं खडीत खड्डा करते, अंडी घालते, वर खडी लोटते. पुढचे काही महिने पिल्लांचं जग म्हणजे त्या खडीतल्या फटी. त्या बारीक गाळानं बुजल्या की अंडी गुदमरली, वरचं पाणी कितीही नितळ असो.

आणि ही शंभर गोट्यांची मापं! वाळू नाही, गाळ नाही, सगळे कसे हातात मावणारे, देखणे. गोटे मोजलेस की नथीला मोती निवडलेस? वोलमन या शास्त्रज्ञानं 1954 मध्ये गोटे मोजायची ही पद्धत मांडली, तिची गोमच ही की नजर दुसरीकडे ठेवून बोट बुटाच्या टोकापाशी खाली न्यायचं आणि पहिला लागेल तो गोटा उचलायचा. डोळे उघडे असले की हात चांगलाच गोटा उचलतो. तुझाच नव्हे, कुणाचाही.

तापमान एकदाच घेतलंस, सकाळी नऊला. तिथली पिल्लांसाठीची 18 अंशांची मर्यादा सात दिवसांच्या रोजच्या कमाल तापमानांच्या सरासरीवर ठरते. ओढा तापतो दुपारी. तेव्हा तू जेवत होतास आणि तापमान नोंदवत राहणारा लॉगर बॅगेत होता.

खरा संताप आला तो शेवटच्या ओळीनं: ‘पात्रात पडलेले ओंडके काढावेत.’ अरे, याच शहाणपणानं 1950 ते 70 च्या दशकांत तिथले कितीतरी ओढे साफ केले. ओंडके माशांची वाट अडवतात म्हणे! ओंडक्यांबरोबर डोह गेले, खडी वाहून गेली. आता तेच ओंडके प्रसंगी हेलिकॉप्टरनं आणून टाकतात. कोहो सॅमनचं पिल्लू वर्षभर ओढ्यात राहतं. हिवाळी पुरात ते आसरा कुठे घेणार, तुझ्या रमणीय परिसरात?

‘वरच्या बाजूला रस्ता आहे का’ हा रकाना तर कोराच! सिएटलमध्ये ओढे सुधारले, कोहो परतले आणि पोटातली अंडी पोटातच ठेवून मेले. कारण 2020 मध्ये हाती लागलं: टायरच्या रबरातल्या रसायनापासून बनणारं विष, पावसाबरोबर रस्त्यावरून वाहत आलेलं. गोटे, लाकूड, तापमान सगळं ठीक असूनही मेले.

हा अहवाल परत घे. लॉगर पाण्यात बसव, गोटे नव्यानं मोज, रस्ता चालून बघ. तोवर ‘उत्तम’ हा शब्द खोडून टाक.