भाड्यात चूल येत नाही

कर्नाटकातल्या जोयड्यात पर्यटकांनी काढलेल्या त्या व्हिडिओवर आठवडाभर एवढी वादावादी झाली, पण बुटांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मला आधी बूटच दिसले. कुणब्याच्या घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवरून, थेट चुलीपर्यंत गेलेले. आजी पदर सावरत मान फिरवते आहे आणि कॅमेरा तिच्या मागे मागे. खाली बदामांची रास आणि शेरा, ‘किती साधी माणसं!’ साधी म्हणजे हाकलून देत नाहीत अशी.

यावर त्या मंडळींचा खुलासा आला : आमच्यासारखे लोक जातात म्हणून तर या गावांना चार पैसे मिळतात.

हे चार पैसे मी बरीच वर्षं शोधतो आहे. खोलीचं भाडं बहुतेक वेळा शहरात बसलेल्या मालकाच्या खात्यात आधीच पोचलेलं असतं. पाण्याच्या बाटल्यांचं खोकं, चिप्स, मसाला लावलेलं चिकन घरून डिकीत भरून आणलेलं. दारू गोव्याची, ती चेकनाक्यावरून कशी आली ते विचारू नये. राहता राहिली रस्त्याकडेला मधाच्या बाटल्या मांडून बसलेली बाई. डोक्यावर लाखाचा ड्रोन घरघरतो आहे आणि खाली त्याचा मालक वीस रुपये कमी व्हावेत म्हणून त्या बाईला मध आणि साखरेचा पाक यांतला फरक समजावतो आहे. वीस रुपये सुटतातच. संध्याकाळी तोच गृहस्थ मधाच्या बाटलीचा फोटो टाकून स्थानिकांना आधार द्या असं आवाहन करतो. फुटक्या बाटल्या मात्र गावाला पूर्ण मिळतात, त्यात घासाघीस नाही.

आणि समजा, मिळालेच चार पैसे. काही घरांना मिळतातही. चार पाहुण्यांना रांधून घालणारी कुणबी घरं आहेत, तिथली पोरं राफ्टवर कामाला जातात, त्यांच्या पोटावर पाय आणायची मला हौस नाही. पण तुम्ही पैसे मोजलेत ते खोलीचे आणि जेवणाचे. आजीच्या चेहऱ्याचे कधी मोजलेत? डॉक्टरची फी भरली म्हणून कोणी त्याच्या स्वयंपाकघरात शिरून भांडी उघडून बघत नाही.

उपकाराची भाषा करायचीच असेल तर हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडू. गणेशगुडीला ज्या फेसाळत्या पाण्यावर तुम्ही किंचाळता, ते सुपा धरणातून वीज करण्यासाठी सोडलेलं काळी नदीचं पाणी. पाणी सुटलं तर राफ्ट, नाहीतर दगड. १०१ मीटर उंचीचं हे धरण १९८७ मध्ये पुरं झालं आणि जुनं सुपा गाव त्याच्या पोटात गेलं. आजच्या जोयडा तालुक्यालाच तेव्हा सुपा म्हणत, एवढं ते गाव होतं. उठवलेल्यांतले कित्येक रामनगरला आले. विजेने दिवे लागले लांब शहरांत. रानातल्या काही पाड्यांवरून आजारी माणसाला अजून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. रान जाळून करायची फिरती कुमरी शेती आधीच बंद पडली होती. २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, रान सोडा आणि पैसे घ्या म्हणू लागला. गोव्यातल्या कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाटावरचे त्यांचे भाऊबंद तो अजून मागताहेत. कोण कोणाला पोसतंय, एकदा कागदावर मांडून बघा.

‘सगळेच करतात’ आणि ‘तिथे बोर्ड कुठे होता?’ या दोन सबबी मी सोडून देतो. रक्तदाबाचं कारण आहे.

गंमत म्हणजे हीच मंडळी फ्रान्सला गेली की गाईसारखी गरीब होतात. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एत्रता नावाचं चिमुकलं गाव आहे, वस्ती हजार-बाराशेची. तिथले पांढरे कडे मोनेने रंगवले आणि आता पर्यटक लाखांनी लोटतात. किनाऱ्यावरचा गोटा खिशात घातला तर दंड होतो, कारण त्या गोट्यांमुळेच लाटांचा मारा गावापर्यंत पोचत नाही. आपला माणूस तिथे गोट्याला हात लावत नाही. पावाच्या दुकानात शिरताना आधी ‘बाँज्यूर’ म्हणायचं, हे विमानातच घोकून ठेवतो. परत आल्यावर वर्षभर आपल्याला तिथल्या शिस्तीच्या गोष्टी ऐकवतो. मग जोयड्यात ‘आजी, आत येऊ का?’ एवढं का सुचत नाही? दंड नाही ना!

उंबऱ्याशी थांबावं, विचारावं, ‘नको’ म्हणाली तर मागे फिरावं. यासाठी नियमावली करा असं मी म्हणणार नाही. केली तर तिचा फलक लागेल आणि फलकाला टेकून सेल्फी निघतील. त्यापेक्षा जानेवारीच्या सुमारास जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो, तेव्हा जा. मुडलीचे कंद घ्या, सांगतील त्या भावाने. आणि ताटात मुडलीची भाजी आली तर ‘पनीर नाही का?’ विचारू नका. पनीर तुमच्या घराखालच्या हॉटेलातही मिळतं, आणि तिथे ड्रोनही उडवता येतो.