मुंबई महाग आहे, तरी माणसे तिथेच का राहतात?

लग्नाच्या मांडवात, मयतीच्या घरी, रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर पडते, “तेवढ्या पैशात गावी बंगला झाला असता!” मुंबईत कुणीतरी दोन खोल्यांसाठी वीस वर्षांचे कर्ज काढलेले असते किंवा कुणाचा निम्मा पगार भाड्यात जात असतो. एखादा म्हणतो, “हाव, दुसरे काय?” दुसरा म्हणतो, “बिचाऱ्यांचा नाइलाज आहे हो.” एवढ्यावर विषय संपतो. पण ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. आणि आपण वसईकरांनी तर या प्रश्नाचा नीट विचार करायला हवा, कारण मुंबईच्या महागाईचे एक टोक आपल्या अंगणापर्यंत आलेले आहे.

प्रथम महागाईचे कारण पाहू. मुंबई ही सात बेटे जोडून झालेली नगरी. तीन बाजूंना पाणी, वाढायला एक उत्तर दिशा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली. पाठोपाठ कापडाच्या गिरण्या आल्या, बंदर वाढले आणि या चिंचोळ्या पट्टीवर देशभरातून माणूस आला. जमीन थोडी, मागणारे फार. त्यात बांधकामाच्या नियमांची, भाडेकायद्याच्या गुंतागुंतीची आणि नफेखोरीची भर पडली. तरीही एक गोष्ट लक्षात घेऊ या. तिथले घर विटा-सिमेंटमुळे महाग नाही. वीट इथे आणि तिथे सारखीच. महाग आहे ती जवळीक. कामाची, कॉलेजची, इस्पितळाची आणि लाखो इतर माणसांची.

या जवळिकीतून माणसाला काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे मालक बदलण्याचे स्वातंत्र्य. गावात काम देणारा एकच असेल तर त्याचा अपमान गिळावा लागतो. शहरात एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावता येते. दुसरी गोष्ट म्हणजे आजारपणातला आधार. परळला टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. कर्करोगाच्या उपचारांसाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तिथे येतात आणि जागा नसली तर नातेवाईक जवळच्या फुटपाथवर पथारी टाकतात. त्यांना कोणी हावरट म्हणेल काय?

तिसरी गोष्ट आपण सहसा बोलत नाही. गावात माणसाची जात, त्याच्या बापाचे कर्ज, त्याच्या बहिणीची सोयरीक, सगळ्यांना सगळे ठाऊक असते. ज्याला त्या माहितीचा मान मिळतो त्याला गाव गोड वाटते. ज्याला तिचा चटका बसतो त्याला शहरातली अनोळखी गर्दी गार सावलीसारखी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत खेड्यांवर कठोर टीका केली होती. स्वतः त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे परळच्या चाळीत काढली. ती चाळ काही आरामाची जागा नव्हती. तरी अशा चाळींत येऊन राहिलेल्या हजारो कुटुंबांना तिथे मोकळा श्वास घेता आला, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माणूस केवळ पगारासाठी शहरात राहतो, हे खरे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील बहुतेकांची नोकरी कायमची गेली. अनेक जण कोकणात, घाटावर परतले. पण पगार गेल्यावरही कित्येक कुटुंबे गिरणगावातच राहिली. बायकांनी डबे केले, मुलांनी मिळेल ते काम धरले. मुलांची शाळा सुटू नये, एवढीच अनेकांची जिद्द होती.

याचा अर्थ शहराची किंमत मोजणे नेहमीच शहाणपणाचे असते असे नाही. ही किंमत केवळ भाड्यात मोजली जात नाही. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटरचे. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या बापाला आपले लेकरू आठवडाभर झोपलेलेच दिसते. कोकणातल्या किती बायकांनी मनिऑर्डरच्या भरवशावर एकटीने संसार रेटला! शहरात जाण्याचा निर्णय एक जण घेतो, पण त्याची किंमत घरातले सगळे मोजतात. ज्याने शहर सोडून गावची वाट धरली, त्याला म्हणूनच पळपुटा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि जो राहिला त्याला हावरट म्हणण्याचाही नाही.

मग ज्याच्या खिशात काही नव्हते, असा माणूस या महाग शहरात पहिल्या दिवशी टिकला तरी कसा? याचे उत्तर धोबीतलावच्या जुन्या इमारतींत सापडते. तिथे गोव्याच्या गावांनी चालवलेले क्लब आहेत. त्यांना ‘कूड’ म्हणतात. बोटीवरच्या नोकरीसाठी, स्वयंपाक्याच्या किंवा वाजंत्र्याच्या कामासाठी मुंबईत येणारा गोंयकार आपल्या गावच्या कुडात उतरे. भिंतीला लागून ओळीने पेट्या, रात्री जमिनीवर अंथरूण, गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून रोझरी आणि परवडेल इतकीच वर्गणी. गिरणगावातही कोकणातल्या एकेका गावाची खोली असे. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन झोपे. त्यांचे जेवण खानावळवाल्या बायका रांधत. याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले.

ही हकीकत काय सांगते? महाग शहरात माणसाला पहिली जागा पैसा देत नाही. आधी आलेला माणूस थोडा सरकून बसतो, तेव्हा नव्याला पाय टेकायला जागा होते. आज मुंबईत ऐटीत राहणाऱ्या अनेक घराण्यांचा पहिला माणूस असाच कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकून राहिला होता. हे उपकार ज्याने केले त्याला परत करता येत नाहीत. ते पुढच्याला करायचे असतात.

हे जिथे विसरले जाते तिथे काय होते, ते २०२० मध्ये आपण पाहिले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, लोकल बंद झाल्या आणि वर्षानुवर्षे मुंबईत राबलेली माणसे लेकरे खांद्यावर घेऊन महामार्गाने चालत निघाली. राज्य सरकारने त्या एप्रिलमध्ये घरमालकांना किमान तीन महिने भाडे पुढे ढकलण्याची सूचना केली. काही मालकांनी ऐकले, काहींनी नाही. कायदा सूचना देऊ शकतो, माणुसकी देऊ शकत नाही. त्यातले पुष्कळ जण पुढे परत आले, कारण गावी काम नव्हते.

आता आपल्याकडे वळू या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत कुलाबा ते माहीम-शीव या मूळ मुंबई शहराची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. त्याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. आपली वसई तेव्हा त्याच जिल्ह्यात होती. मुंबईत काम आहे पण मुंबईतले घर परवडत नाही, असा माणूस आज आपला शेजारी आहे. पूर्वी आपण फुले, भाजी, दूध घेऊन मुंबईच्या दारात जात होतो. आज मुंबईला पोसणारा माणूस आपल्या दारात भाड्याची खोली विचारत उभा आहे.

आपली तक्रार खोटी नाही. वाड्या गेल्या, विहिरी खाऱ्या झाल्या, पावसाळ्यात पाणी घरात शिरते. याविरुद्ध बोललेच पाहिजे आणि ज्यांनी नियोजन केले नाही त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण तो राग भाडेकरूवर काढणे न्यायाचे नाही. विहीर त्याने खारी केली नाही. शिवाय मनाशी प्रामाणिक राहून विचारू या, आपल्या जमिनीचा, आपल्या फ्लॅटचा भाव कशामुळे वाढला? आपल्या घामाने वाडी पिकली, हे खरे. पण भाव वाढला तो रेल्वेमुळे आणि येणाऱ्या माणसांमुळे. ज्या गर्दीला आपण नावे ठेवतो तिनेच आपल्याला श्रीमंत केले. मग तिचे आपण काहीच लागत नाही काय?

मोठ्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. पण काही लहान गोष्टी आहेत. खोली भाड्याने देताना जात, धर्म, भाषा विचारून दार लावायचे की नाही, हे आपण ठरवतो. एकट्या राहणाऱ्या नर्सला किंवा शिकणाऱ्या मुलीला “नको ती भानगड” म्हणून परत पाठवायचे की नाही, हेही आपणच ठरवतो. भाड्याचा रीतसर करार करणे, डिपॉझिट वेळेवर परत देणे, आजारपणात महिनाभर थांबणे, यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. ज्यांच्या घरात मुले परदेशी गेल्यामुळे खोल्या रिकाम्या आहेत, त्यांनी एखादी खोली गरजू विद्यार्थ्याला परवडेल अशा भाड्याने देण्याचा विचार करावा. आपल्या धर्मग्रामात अशी पाच घरे जरी निघाली, तरी पाच मुलांचे शिक्षण मार्गी लागेल.