मातीच्या विश्रांतीचा हक्क

ज्यू धर्मशास्त्रात दर सातवे वर्ष 'श्मिता' मानून इस्राएलच्या भूमीत पेरणी व छाटणी वर्ज्य ठरवली आहे, आणि 'लेवीय' या ग्रंथात ही विश्रांती शेतकऱ्याची नव्हे तर भूमीची स्वतःची म्हटली असल्यामुळे, माती केवळ साधन आहे की माणूस तिचे काही देणे लागतो, असा प्रश्न उभा राहतो. कोरड्या प्रदेशात पडीक वर्षामुळे जमिनीत ओल साठू शकते हे खरे. परंतु आपोआप उगवणारे तण विरळ असेल, तर मुळे व पालापाचोळा कुजून मिळणारा सेंद्रिय कर्ब घटतो आणि वारा उघडा थर उडवून नेतो, म्हणून या आज्ञेला प्राचीन मृदाशास्त्र ठरवण्याचा उत्साह फसवा आहे. तिचा खरा आधार मालकीच्या नकारात आहे: जमीन ईश्वराची, माणूस तिथे उपरा. १८८९ मध्ये त्या भूमीतील नव्या ज्यू वसाहतींच्या उपजीविकेसाठी काही रब्बींनी, म्हणजे धर्माचार्यांनी, जमीन तात्पुरती बिगर-ज्यूंना विकून शेती चालू ठेवण्याची मुभा दिली, आणि पुढे रब्बी कूक यांनीही ती उचलून धरली. या तोडग्याने पोटाचा प्रश्न सुटला, शास्त्राची चौकटही सांभाळली गेली. नांगर मात्र त्याच मातीत चालत राहिला.