नोंद आणि निंदा

अमेरिकेत घटस्फोट ज्या काउंटीच्या न्यायालयात होतो, तेथेच त्याची नोंद राहते. अनेक राज्यांत ती कोणीही मागून पाहू शकतो. लहान खेड्यापाड्यांच्या काउंटीत तर सारेच एकमेकांना ओळखतात. मग तिकडच्या स्थळाची अशी नोंद शोधणे योग्य की अयोग्य?

आम्हांला वाटते, प्रश्न हेतूचा आहे. विवाहाआड काही येत नाही याची आधी खात्री करावी, असे ख्रिस्तसभेचा कायदा (कलम १०६६) सांगतो. आपल्या देवळात लग्नाच्या पुकारा होतात त्या याचसाठी. म्हणून मुलीच्या हितासाठी चौकशी करणे हे आईवडिलांचे कर्तव्यच आहे.

पण तोच कायदा (कलम २२०) कोणाचेही नाव अन्यायाने खराब करू नये, असेही बजावतो. कॅलिफोर्नियात १९७० पासून दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो. पुढे इतर राज्यांनीही ती वाट धरली. म्हणजे कागद लग्न मोडल्याचे सांगतो, कोण चुकले ते नाही. ती उणीव आपली जीभ भरून काढते. गोष्ट खरी असली तरी कारणाशिवाय चव्हाट्यावर मांडणे हे पापच.

तेव्हा आधी त्या व्यक्तीलाच प्रेमाने विचारू या. गरज पडली तर कागद पाहू या, आणि पाहिलेले मनातच ठेवू या.