घंटी वाजवली म्हणजे झालं?

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाजवळ, सायकलची घंटी दोनदा वाजली. सत्तरीतले नाना हलले नाहीत. मागून आलेल्या मुलीने करकचून ब्रेक दाबला. पुढचं चाक त्यांच्या पिशवीतल्या मेथीच्या जुडीला घासून थांबलं.

"काका, केव्हाची घंटी वाजवतेय!"

"डाव्या कानाने ऐकू येत नाही गं मला. आणि हा फुटपाथ आहे."

"सायकल ट्रॅकवर टेम्पो उभा आहे. मग जाऊ कुठे, बसखाली?"

प्रश्न बिनतोड होता. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा. या रस्त्यावर तर रुंद पदपथ आणि सायकल मार्ग शेजारी शेजारी आखले. कागदावर दोघांनाही जागा मिळाली होती. प्रत्यक्षात दोघं एकाच फरशीवर उभे राहून भांडत होते.

"तुला बसची भीती, मला तुझी," नाना म्हणाले.

"मी काय बस आहे?"

नानांनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलेलं. "मी ताशी पाच किलोमीटरने चालतो, तू पंधराने येतेस. वजन सारखं धरलं, तरी वेग तिप्पट म्हणजे ऊर्जा नऊपट."

"म्हणजे चूक कायम माझीच? मघाशी ट्रॅकवर चौघं पसरून चालले होते, कानात इयरफोन घालून. त्यांचं काय?"

"चुकलेच ते. पण ब्रेक कुणाच्या हातात होता?"

"हे बरंय! मग बसवाल्यालाही हेच सांगा."

"सांगतोच की."

"ऐकतो तो?"

नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तू घंटी वाजवलीस आणि धरून चाललीस, की मी ऐकलं, आता बाजूला होईन. जबाबदारी आली माझ्याकडे."

"आणि न वाजवता शेजारून गेले, तर दचकणार तुम्हीच."

"दचकेन," नानांनी कबूल केलं.

मुलगी उतरली आणि सायकल हातात धरून त्यांच्यासोबत चालू लागली. आता दोन माणसं आणि एक सायकल मिळून निम्मा पदपथ अडला होता. मागून बाबागाडी ढकलत आलेल्या बाईने हाक दिली, "अहो, जरा बाजूला!"

नानांना ती ऐकू गेली नाही. मुलीनेच त्यांचा दंड धरून त्यांना कडेला घेतलं.