बागडोर

वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळतं, की अमक्याच्या हाती सत्तेची बागडोर आली, तमक्याच्या हातून गेली. लिहिणाऱ्यानं खरी बागडोर कधी हातात धरली असेल असं वाटत नाही. बागडोर म्हणजे घोडं चालवत न्यायची लांब दोरी. लगाम निराळा. लगाम धरणारा वर बसलेला असतो, बागडोर धरणारा खाली मातीत, घोड्याच्या बरोबरीनं चालत असतो. वर बसलेल्याला आपण मोठे आहोत असं वाटू शकतं. खाली चालणाऱ्याला ती सोय नाही. शेजारी तीनशे-साडेतीनशे किलोचं जनावर आणि आपण साठ किलोचे. त्यानं नुसता खांदा मारला तरी आपण बांधाच्या पलीकडं.

मग ते आपल्याबरोबर येतं कशामुळं? आणि त्याला धरून न्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मी दहावी शिकलेला माणूस. मोठ्या ग्रंथांतले प्रश्न मला झेपत नाहीत. पण हे दोन प्रश्न मला गोठ्यापासून माळापर्यंतच्या वाटेवर रोज भेटतात.

आमच्या माळशिरस तालुक्यात घोडं हे वरातीपुरतं जनावर नाही. अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडी येतात. भोवरे, दात, चाल बघून सौदे होतात. आणि आपलं जुनं भीमथडीचं तट्टू तर इथल्याच मातीतलं, भीमा नि नीरेच्या खोऱ्यातलं. दिसायला बुटकं, पण मराठ्यांच्या घोडदळानं त्याच्या पाठीवर किती मुलूख पालथा घातला. आज ते धनगराच्या वाड्यामागं बिऱ्हाड वाहतं. आमच्या दावणीला बैलांच्या शेजारी एक घोडी वडिलांच्या काळापासून असतेच.

घोड्याचा पिंडच चालण्याचा. मोकळं घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत चरत पुढं सरकत असतं. त्याला आपण अगाडी-पिछाडी लावून एका जागी उभं करतो. पावसाळ्यात चार दिवस झड लागली, की काळ्या रानात पाय घालता येत नाही आणि घोडी ठाणावरच राहते. पाचव्या दिवशी ऊन पडतं. अगाडी-पिछाडी सुटली, की तिचं अंग आधीच नाचायला लागतं. नाकपुड्या फुलतात, शेपूट वर जाते, पाय जमिनीवर ठरत नाहीत. बघणारा म्हणतो, "घोडी माजली." ती माजलेली नसते, चार दिवस अडवून ठेवलेलं चालणं एकदम पायात आलेलं असतं. तिच्या त्या अवस्थेला निम्मे जबाबदार आपणच, हे ध्यानात घेऊन मग बागडोर हातात घ्यावी.

न्यायची रीत वडिलांनी शिकवली ती अशी. चालायचं घोडीच्या डाव्या अंगानं, तिच्या खांद्याशी. पुढं चाललो तर अंगावर येते, मागं राहिलो तर लाथेच्या टप्प्यात सापडतो. उजवा हात हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर, उरलेली दोरी घड्या घालून डाव्या हातात. घड्या घालायच्या, हाताला वेढा द्यायचा नाही. वडील म्हणायचे, "घडी सुटती, येढा सुटत न्हाई." आमच्या एका चुलत्यांची करंगळी अशाच वेढ्यात गेली. घोडं ट्रॅक्टरच्या आवाजानं उधळलं, चुलते फरफटत गेले, दोरी सुटली तेव्हा बोट राहिलं नव्हतं. त्यांची पकड कच्ची नव्हती. सुटूच नये इतकी पक्की होती, तिनंच घात केला.

घोडी ओढायला लागली तर सरळ ओढाओढ करायची नाही, तीत घोडंच जिंकतं. तिचं तोंड आपल्याकडं वळवायचं आणि आपल्याभोवती एक फेर घालू द्यायचा. पायाला काम मिळालं, की डोकं खाली येतं. मग पुन्हा वाटेला लागायचं. एका फेरात जमलं नाही तर तीन फेर. उशीर होतो. होऊ द्यावा.

वाटेत एका डाळिंबाच्या बागेत मल्चिंगचा फाटका कागद वाऱ्यानं फडफडतो. तिथं घोडी हटकून बुजते. आपल्याला ठाऊक असतं, की कागद काही करत नाही. म्हणजे तिची भीती खोटी का? घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. कपाळाच्या अगदी पुढचा नि शेपटीच्या अगदी मागचा तुकडा सोडला, तर तिला चहूकडचं दिसतं. कोपऱ्यात काही हललं, की आधी पळायचं नि मग विचार करायचा, ह्याच बुद्धीवर तिची जात हजारो वर्षं लांडग्या-वाघांच्या तावडीतून वाचली. जी वाचवत आली ती बुद्धी खोटी कशी म्हणायची? कागद खोटा असेल, भीती खरी आहे.

एका बाजारात मी बघितलं. ताडपत्री उडाली, एक शिंगरू बुजलं, तर धन्यानं त्याला चाबकानं झोडपलं. वर म्हणाला, "भ्या मोडाय पायजे याचं." शिंगराच्या बाजूनं हिशेब करून बघा. ते ताडपत्रीला भ्यालं आणि लगोलग अंगावर फटके बसले. म्हणजे ताडपत्री वाईटच असते, हे त्याला पुराव्यासकट पटलं. आम्ही पोरांच्या बाबतीत हेच करतो. अंधाराला भिणाऱ्या पोराला वरनं रट्टा देतो आणि मग पोर अंधारालाही भितं नि बापालाही.

पण याच्या उलट बाजूचं बोलणंही मला पटत नाही. शहरातून आलेला एक पाव्हणा कळवळून म्हणाला, "बिचारीला ओढता कशाला? सोडा की." सोडू कुठं? एका अंगाला नीरा उजव्या कालव्याचं पाणी, दुसऱ्या अंगाला डांबरी रस्ता आणि त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. तिथं घाबरलेली घोडी सोडणं ही दया नव्हे, ते अंग काढून घेणं झालं. मारणाराही घोडीच्या भीतीला कंटाळलेला असतो आणि सोडून देणाराही. थांबायची तयारी दोघांकडंही नसते. धरून ठेवायचा हक्क मिळतो तो त्या थांबण्यातून. तिला ठाऊक नाही ती वाट आपल्याला ठाऊक आहे, म्हणून दोरी आपल्या हातात. तेवढ्यापुरती नि तेवढ्याच वाटेपुरती.

आमच्याकडं कीर्तनकार कठोपनिषदातला रथ सांगतात. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. घोडे आवरा, असा त्याचा सांगावा. दृष्टान्त थोर आहे, त्यात शंका नाही. फक्त तो रथात बसलेल्याच्या जागेवरनं सांगितलेला आहे. पायी चालणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते, की दोरीला दोन टोकं असतात. आपला हात ताठला, की ते घोडीच्या नाकापर्यंत पोचतं. आपण श्वास रोखला, की तिचे कान टवकारतात. आपण कागदाकडं रोखून बघितलं, तर तिला वाटतं, धनीबी भ्यालाय. तिला आवरायचं तर आधी आपल्या टोकाला शांत व्हावं लागतं. ते सोंग घेऊन जमत नाही, माणसं फसतात, घोडं फसत नाही.

आषाढी वारीत सदाशिवनगरला माउलींचं रिंगण होतं. अंकलीहून आलेले शितोळे सरकारांचे अश्व धावतात. एकावर स्वार असतो, माउलींच्या अश्वाची पाठ मात्र मोकळी. भोवती माणसांचा समुद्र, टाळ-मृदंग, तरी तो मोकळा अश्व रिंगण सोडत नाही. लोक टापांखालची माती कपाळाला लावतात, मीही लावतो. पण रिंगण संपल्यावर माझी नजर वळते ती त्या घामेजलेल्या, फुरफुरणाऱ्या अश्वाला गर्दीतून माघारी चालवत नेणाऱ्या माणसाकडं. पळणं सगळ्यांनी बघितलेलं असतं. हे चालणं कुणी बघत नाही, आणि अवघड हेच आहे.

शेवटचा धडा माळावर. फाटकातून आत गेलं, की लगेच सोडायचं नाही. घोडीला अख्खी वळवायची, तोंड फाटकाकडं करायचं. आपली पाठ फाटकाला. म्हणजे सुटल्यावर तिला आधी वळावं लागतं, आणि आनंदानं दुगाण्या झाडल्या तरी आपण टप्प्याबाहेर असतो. मग उभं राहायचं. मान खाली येईपर्यंत, एक लांब श्वास सुटेपर्यंत. तेव्हा दोरी काढायची आणि आपण एक पाऊल मागं. ती हिसके देत असताना सोडली, तर हिसका दिला की सुटका होते हे ती शिकते आणि उद्या दुप्पट हिसका देते. ढुंगणावर चापट मारून पिटाळली, तर सुटणं म्हणजे पळणं असं तिच्या मनात बसतं. शांत उभी असताना सुटली, तर चार पावलं चालून तिथंच गवताला तोंड लावते. पोरगं पुण्याला नोकरीला निघालं तेव्हा मला हेच आठवलं. भांडून गेलेलं पोरगं आणि निरोप घेऊन गेलेलं पोरगं, दोघंही जातातच. पण परत यायची वाट निरोप घेतलेल्याला सापडते.

बागडोर हाती आली म्हणून पेढे वाटणाऱ्यांना म्हणून मला दोनच गोष्टी विचाराव्याशा वाटतात. कुठल्या माळावर नेताय, आणि तिथं पोचल्यावर दोरी सोडणार का? हाताला वेढे घालून बसलेल्याला यातलं काहीच सांगता येत नाही. घडी घालून धरणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतं.